दंतोत्पाटन आणि रक्तगुठळी-प्रतिबंधक औषधे : एका आढाव्याची समीक्षा

हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णास वॉरफेरिन हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. अशा रुग्णाचा दात काढताना ते काही दिवस बंद ठेवण्याचा प्रघात दंतवैद्यकात दीर्घकाळ रूढ होता. या प्रघाताची चिकित्सा करणारा मायकेल वाल या अमेरिकन दंतवैद्याचा आढावा १९९८ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील युक्तिवादाचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

दोन्ही धोके एकाच तराजूत तोलले, हे वाल यांचे मुख्य श्रेय होय. औषध सुरू असताना दंतशस्त्रक्रिया झालेल्या ७७४ रुग्णांपैकी १२ जणांचाच रक्तस्राव स्थानिक उपायांनी आटोक्यात आला नाही. याउलट औषध थांबविलेल्या ४९३ रुग्णांपैकी ५ जणांना रक्ताच्या गुठळीमुळे गंभीर उपद्रव झाला व त्यांतील चौघे दगावले. हिरडीतून वाहणारे रक्त सर्वांना दिसते. मेंदूकडे निघालेली गुठळी कोणालाच दिसत नाही. जुना प्रघात केवळ दिसणाऱ्या धोक्यावर उभा होता.

तथापि हे आकडे निरनिराळ्या प्रकाशित नोंदींतून एकत्र केलेले आहेत. त्यामुळे मृत्यू औषध थांबविल्यानेच झाले, असे सिद्ध होत नाही. तरीही निष्कर्षाची दिशा योग्य ठरते. कारण जखमेतील रक्त बहुधा थांबविता येते, पक्षाघाताची हानी मात्र अनेकदा भरून निघत नाही. कापसाच्या जाळीचा दाब, टाके आणि ट्रानेक्सॅमिक आम्लाच्या चुळा हे त्यावरील स्थानिक उपाय होत. १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या चाचणीत, औषध न थांबविता, अशा चुळा भरणाऱ्या गटात एकालाच नंतर रक्तस्राव झाला, औषधविरहित चुळांच्या गटात आठ जणांना झाला.

आयएनआर ४ पेक्षा कमी असल्यास वॉरफेरिन न थांबविता दात काढावा, असे स्कॉटलंडमधील दंतवैद्यकीय मार्गदर्शिका आज सांगते. मात्र डॅबिगॅट्रान, अपिक्साबान ही औषधे नंतरची असल्याने वाल यांचे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

आपल्याकडे रूढ असलेला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोगही दिसणाऱ्या धोक्याचीच भीती वाढवितो. वस्तुतः या औषधाने रक्त पातळ होत नाही. ते गोठण्यास अधिक वेळ लागतो. हा भेद रुग्णाला समजावून सांगितल्यास तो परस्पर गोळी बंद करून दंतवैद्याकडे येणार नाही. वाल यांच्या आढाव्याचे महत्त्व आजही या विवेकातच आहे.