डबे, तारा आणि गंधार

संगीतासाठी कोड लिहायचा नाही, पडद्यावर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे, असं सांगितलं की आमच्या भिशीतल्या बायका हसतात. पण मॅक्स आणि प्युअर डेटा हे दोन प्रोग्राम नेमकं हेच करतात. माझी भाची दोन्ही वापरते. तिच्या शेजारी बसून मीही आता डबे जोडते.

दोन्हींचा कर्ता एकच, मिलर पकेट. मॅक्स त्यांनी 1980च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत लिहिला, तो 1990मध्ये बाजारात आला. पुढं 1996मध्ये त्यांनीच प्युअर डेटा लिहिला आणि फुकट देऊन टाकला. भावंडंच ही, पण एकाचा संसार श्रीमंताघरचा. मॅक्स देखणा, प्युअर डेटा म्हणजे पांढऱ्या कागदावर काळ्या चौकटी, बस्स.

रूपापेक्षा मला दुसरा भेद मोठा वाटतो. एका डब्यातून दोन तारा निघाल्या, तर आधी कुठला डबा काम करणार? मॅक्समध्ये पडद्यावर जो उजवीकडे तो आधी. म्हणजे पसारा आवरायला डबा नुसता सरकवला तरी हिशोब बदलू शकतो! आवराआवरीची सवय असलेल्या आपल्यासारखीनं जपूनच राहावं. प्युअर डेटात जी तार आधी जोडली ती आधी, आणि ते बघून कळत नाही. दोन्हींवर उतारा एकच, मध्ये ट्रिगर नावाचा डबा बसवायचा. मॅक्सचा नियम निदान डोळ्यांना दिसतो, हे मान्य. तरी मला प्युअर डेटाच बरा वाटतो. तिथं मांडणी कितीही सुबक केली तरी काम बिघडत नाही.

आता गंधाराचं. दोन्हींत एमटॉफ नावाचा डबा आहे. स्वराचा क्रमांक द्या, तो कंपनसंख्या देतो. 69 दिलं की 440. सा म्हणून 60 घेतला तर 261.6 आणि गंधारासाठी 64 घातला की 329.6. हा पियानोचा गंधार. तंबोऱ्याच्या खर्जातून जो आपोआप उमटतो, तो साच्या सव्वापट, म्हणजे 327. पंचमात फरक नावालाच, 392 आणि 392.4. पण गंधार ऐकणाऱ्या कानाला टोचतोच. ‘मावशी, एवढ्यानं काय होतं?’ असं भाचीनं विचारलं, तेव्हा मी दोन्ही एकदम वाजवून दाखवले. आवाज थरथरायला लागला. ती गप्प.

दोष प्रोग्रामचा म्हणू नये. एमटॉफ काढून 1.25नं गुणणारा डबा लावला की काम झालं. पण नव्या माणसाच्या हाताशी तयार डबा येतो तो पियानोचाच. शिकवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कुणी सांगत नाही.

ज्या मैत्रिणींना करून बघायचंय त्यांनी मॅक्ससाठी पैसे घालू नयेत. रंगमंचावर कार्यक्रम करणाऱ्यांनी तो खुशाल घ्यावा. आपल्याला मुलांचा जुना लॅपटॉप आणि प्युअर डेटा पुरतो. आधी सा लावा, मग दीडपट, मग सव्वापट. आवाज मात्र सुरुवातीला अगदी बारीक ठेवा, हेडफोन कानात असतात.