रावसाहेबांची मराठी आणि आपला कान

गेल्या दिवाळीत आमच्या घरी पु. ल. देशपांडे यांच्या आवाजातले 'रावसाहेब' लावले होते. खोलीत तीन पिढ्या बसलेल्या. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. धारवाडकडची, कानडी माहेरची आमची सूनही हसली. पण नंतर स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारले, "मामा, मी बोलते तेव्हा तुम्हांला असंच ऐकू येतं का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. हे टिपण त्या प्रश्नापायी लिहीत आहे.

'गणगोत'मधल्या या व्यक्तिचित्राचे कौतुक करताना बहुतेक जण म्हणतात की, बेळगावच्या कानडी वळणाच्या मराठीची ही हुबेहूब नक्कल आहे. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, तेव्हा ही भाषा त्यांनी जवळून ऐकलेली. तरीही 'हुबेहूब' हा शब्द मला पटत नाही. कानडीत निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नाही, त्यामुळे मराठी बोलताना लिंगाची गफलत होते. ती गफलत आणि वाक्याचा हेल एवढ्या मोजक्या खुणा पु. ल. उचलतात. बाकीचे रावसाहेब आपणच मनात पुरे करतो.

हे साधते कसे? ऐकणे म्हणजे कानावर पडलेला ध्वनी जसाच्या तसा टिपणे, असे आपण धरून चालतो. पण कागदावर दोन शब्दांत मोकळी जागा असते, तशी बोलण्यात नसते. शब्द सुटे करण्याचे काम ऐकणाराच करतो. रिचर्ड वॉरेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून त्या जागी खोकला भरला. ऐकणाऱ्यांना शब्द सबंधच ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठे आला तेही सांगता येईना. आधीच्या ध्वनींचे संस्कार मनात साठत जातात आणि शेवटच्या ध्वनीसरशी शब्द उमगतो, असे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त फार पूर्वीच मांडले आहे. पु. लं.ची भिस्त ऐकणाऱ्याच्या या कसबावर आहे, आणि माझ्या मते त्यांची खरी कलावंती तिथेच आहे.

मात्र भर घालणारा कान ज्याचा त्याचा असतो. सीमाभागातल्या माणसाला इथे शेजारचा माणूस ऐकू येतो. कानडी कधी कानावर न पडलेल्याला मात्र नुसती 'अशुद्ध' मराठी ऐकू येण्याची भीती आहे. व्यक्तिचित्रात माया ओतप्रोत आहे, यात शंका नाही. पण हसणाऱ्याला स्वतःचा कान तपासावा लागत नाही, ही या प्रकारच्या विनोदाची मर्यादा आहे.

तो तपासायला हवा. 'चार माणसे' आणि 'गाईला चारा चार' यांतले दोन 'चार' आपल्या कानाला निराळे लागतात, पण लिपीत 'च' एकच. आमची सून ते वाचूनच शिकली. तिचा 'चाक'मधला च 'चहा'सारखा आला, तर नवल काय? उलट कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए'ला वेगळी अक्षरे आहेत. 'बेळे'तला पहिला 'ए' ऱ्हस्व असेल तर पीक, दीर्घ असेल तर डाळ. मी एकदा दुकानात ऐटीत कानडीतून किलोभर 'बेळे' मागितली. दुकानदाराने हसत डाळ मोजली. मी किलोभर पीक मागितले होते, हे घरी आल्यावर सुनेने सांगितले.

हा दोष जिभेचा तसाच कानाचाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेला अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखता येत होते. वर्षाची होईतो बहुतेकांची ती जाण ओसरली. घरातली भाषा आपला कान घडवते, तशी काही दारे बंदही करते.

आपली समीक्षा बोलीविषयी लिहिते ती डोळ्याने वाचून. सीमाभागातल्या लेखनावर 'अशुद्ध' असा शिक्का मारताना ऐकणाऱ्याचा कान कुठे घडला, हे कोणी विचारत नाही. ते विचारले तर 'रावसाहेब'सुद्धा अधिक समजतील.

सुनेला मी अखेर सांगितले, "तुझं बोलणं मला तुझ्यासारखं ऐकू येतं. माझं कानडी तुला कसं ऐकू येतं, ते सांग." ती मोकळेपणी हसली आणि म्हणाली, "आधी बेळे म्हणा." मी म्हणालो. पुन्हा पीकच झाले.