कोच बदलला म्हणून संघ जिंकला?

आमच्या लॅबमधला एक सीनियर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पुरुष हॉकी संघाचा कट्टर चाहता आहे. (हॉकी म्हणजे इथे मॅडिसनमध्ये आइस हॉकी. टर्फ, ध्यानचंद वगैरे थोडा वेळ बाजूला ठेवा.) सीझन ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलमध्ये संपतो. उरलेल्या महिन्यांत खेळ नसतो, त्यामुळे नुसत्या गप्पा असतात. कोणत्या कोचची खुर्ची डळमळीत आहे, ट्रान्सफर पोर्टलमधून कोण येणार, कॅनडातला कोणता १८ वर्षांचा पोरगा कुठे सही करणार. सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत मी हे सगळं ऐकते. दोन उन्हाळे ऐकलं. आता त्यावर टीका लिहितेय, कारण या गप्पांमध्ये जी चूक आहे तीच मी एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये केली होती, आणि सिनॉप्सिस लिहिताना तुमच्यापैकी बरेच जण ती करतील अशी मला भीती वाटते.

आधी आकडे बघू. २०२२-२३ मध्ये विस्कॉन्सिनने १३ सामने जिंकले आणि २३ हरले. मार्च २०२३ मध्ये कोच टोनी ग्रॅनॅटो यांना काढलं आणि मिनेसोटा स्टेटहून माइक हेस्टिंग्ज यांना आणलं. पुढच्या सीझनमध्ये २६ विजय, १२ पराभव, २ बरोबरी. विजय बरोबर दुप्पट! माझ्या सीनियरच्या मते इथे केस संपली: कोच चांगला, निर्णय बरोबर.

पण केस संपलेली नाही. २०२४-२५ मध्ये १३ विजय, २१ पराभव, ३ बरोबरी. कोच तेच, बर्फ तोच, विजय परत १३.

याचं काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं: "या वर्षी खेळाडूच कमी पडले." म्हणजे जिंकलं की कोचमुळे, हरलं की खेळाडूंमुळे. या गप्पांवर माझा पहिला आक्षेप हाच आहे. कारण सोयीनुसार बदलत असेल तर ते स्पष्टीकरण राहत नाही, ती बाजू घेणं होतं. कोणत्या निकालाने तुमचा दावा खोटा ठरेल हे आधी सांगता येत नसेल, तर निकालानंतर तो खरा ठरला म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं नशीबच असेल. तेही तपासून बघू. संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी, सामने ३६ आणि बरोबरी होतच नाही असं धरा. सरासरी विजय १८, प्रमाण विचलन ३. म्हणजे काहीही न बदलता एका वर्षी १५ आणि दुसऱ्या वर्षी २१ विजय होणं अगदी साधी गोष्ट आहे. दोन सीझनमधल्या फरकाचं प्रमाण विचलन साधारण ४ येतं. १३ चे २६ होणं त्याच्या तिप्पट आहे, त्यामुळे सगळं नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही. काहीतरी नक्की बदललं होतं. पण काय बदललं?

हेस्टिंग्ज एकटे आले नाहीत. त्यांच्या मागोमाग त्यांच्या जुन्या संघातले काही खेळाडूही पोर्टलमधून मॅडिसनला आले. शिवाय त्या वर्षी गोलमध्ये काइल मॅक्लेलन होता. त्याला २०२४ चा माइक रिक्टर पुरस्कार मिळाला, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज गोलकीपर. तो गेला आणि विजय १३ वर आले. म्हणजे कोच, खेळाडू आणि गोलकीपर या तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय एकालाच दिलं. आपण एकाच ट्रीटमेंटमध्ये खत, पाणी आणि बियाण्याची जात बदलून वर "खताचा परिणाम" असं शीर्षक दिलं असतं, तर गाईडने फाईल तोंडावर मारली असती.

याचा अर्थ "म्हणजे गोलकीपरच खरं कारण" असाही नाही. गोलकीपरचे आकडे फार फसवे असतात. समजा त्याच्यावर दर सामन्यात २८ शॉट येतात आणि तो ३५ सामने खेळतो. सीझनभरात ९८० शॉट झाले. ९२ टक्के अडवणारा आणि ९१ टक्के अडवणारा यांच्यात वर्षभरात साधारण १० गोलांचा फरक पडतो, आणि त्यावर कोणाची तरी पूर्ण स्कॉलरशिप ठरते. पण ९८० शॉटवर या टक्केवारीची प्रमाण त्रुटी जवळजवळ ०.९ टक्के आहे. म्हणजे एका सीझनवरून या दोघांना वेगळं ओळखणंच अवघड. पोर्टलमधला "९२ टक्केवाला" आणायचाच असा हट्ट धरणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

आता थोडं मागे जाऊ. ग्रॅनॅटो यांच्या आधी माइक ईव्ह्ज कोच होते. २००६ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याच काळातलं. २०१३-१४ मध्ये त्यांच्या संघाचे २४ विजय होते. मग बरेच सीनियर खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले आणि २०१४-१५ मध्ये विजय झाले ४. होय, चार. पुढच्या वर्षी ८, आणि ईव्ह्ज यांची नोकरी गेली. ग्रॅनॅटो यांच्या पहिल्या वर्षी २० विजय. तेव्हाही "नवा कोच, नवी हवा" झालंच. सात वर्षांनी त्याच ग्रॅनॅटो यांना काढलं ते १३ विजयांवर.

आकृती दिसतेय का? कोच काढतात कधी? संघ तळाला असतो तेव्हा. तळ गाठला की तिथून वरच जाता येतं. कोणीही आणा, किंवा कोणालाच आणू नका, पुढच्या वर्षाचा आकडा सरासरीकडे सरकण्याची शक्यता जास्त असते. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये हेच सरकारी रोजगार प्रशिक्षणाबाबत दाखवलं होतं. प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई नेमकी येण्याच्या आधी घसरलेली असते, त्यामुळे नुसतं आधी-नंतर मोजलं की प्रशिक्षण फारच गुणकारी वाटतं. या खड्ड्याला आज ॲशनफेल्टरचंच नाव आहे.

माझा खड्डा टोमॅटोच्या कुंड्यांचा होता. ४० कुंड्यांपैकी पानांवर सर्वांत जास्त ठिपके असलेल्या १० मी निवडल्या, का तर फरक ठळक दिसेल म्हणून. वनस्पतीचा अर्क फवारला. १५ दिवसांनी ठिपक्यांचं प्रमाण छान कमी झालं. आलेख बघून मी आईला फोन केला होता. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "तितक्याच वाईट, पण न फवारलेल्या कुंड्यांचं काय झालं?" तशा कुंड्या मी ठेवल्याच नव्हत्या. मधल्या काळात पावसाने उघडीप दिली होती, नवी पानं फुटली होती, आणि ठिपके मी नजरेने मोजले होते. अर्काने काय केलं हे मला आजही सांगता येत नाही.

कोचच्या बाबतीत "न फवारलेल्या कुंड्या" म्हणजे तितकेच वाईट खेळलेले, पण कोच न बदललेले संघ. अशी तुलना ॲडलर, बेरी आणि डोहर्टी यांनी २०१३ मध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर केली आहे. फारच वाईट संघांत कोच बदलण्याचा परिणाम जवळपास दिसला नाही, आणि मधल्या फळीतल्या संघांची कामगिरी कोच बदलल्यावर न बदलणाऱ्यांपेक्षा उलट घसरली. खेळ वेगळा आहे, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा हॉकीला चिकटवू नका. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. दुसरं टोकही बघा: ज्यांचा कोच विस्कॉन्सिनने नेला त्या मिनेसोटा स्टेटला २०२४-२५ मध्ये नव्या कोचखाली २७ विजय मिळाले. (आणि याच विस्कॉन्सिनचा महिला संघ! मार्क जॉन्सन २००२ पासून कोच आहेत, २०२५ पर्यंत ८ राष्ट्रीय विजेतेपदं. त्याबद्दल आमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात कोणी चकार शब्द काढत नाही.)

दुसरा आक्षेप अफवांच्या हिशेबाबद्दल. डेन्व्हरचे डेव्हिड कार्ल २८ व्या वर्षी मुख्य कोच झाले आणि २०२२ व २०२४ मध्ये विजेते ठरले. २०२५ मध्ये एनएचएलमधल्या रिकाम्या जागांसाठी त्यांचं नाव सतत चर्चेत होतं. "जाणारच" असं माझ्या सीनियरने तीनदा सांगितलं. कार्ल डेन्व्हरलाच राहिले. आता विचारलं तर म्हणतो, "मी म्हणालो होतो, कठीण आहे." खोटं बोलत नाही बिचारा, त्याला खरंच तसं आठवतं. न लिहिलेला अंदाज नंतर वाकतो.

एका बाबतीत मात्र हे चाहते माझ्यापेक्षा चांगले संशोधक आहेत, हे मान्य केलं पाहिजे. डेटा कुठून येतो हे त्यांना माहीत असतं. कोणता बचावपटू दुखापत लपवून खेळत होता, कोणाचं वय २४ आहे आणि कोण १८ चा आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. फक्त फाईल डाउनलोड करून मॉडेल चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आणि आता तर नियमच बदललेत. १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधले खेळाडू अमेरिकन कॉलेजात खेळायला पात्र झाले आहेत. गॅव्हिन मॅकेन्ना जुलै २०२५ मध्ये पेन स्टेटला जायचं ठरवून मोकळाही झाला. त्याआधीच्या दहा वर्षांच्या आकड्यांवर बेतलेला अंदाज त्यानंतर किती टिकेल, हा प्रश्न सांख्यिकीवाल्यांइतकाच चाहत्यांनाही पडलाय, आणि त्यांना आधी पडलाय.

गेल्या आठवड्यात मी सीनियरला लॅबची जुनी वही दिली आणि अंदाज लिहायला लावले, तारखेसकट. त्याने लिहिलं: विस्कॉन्सिन २० हून जास्त सामने जिंकेल. मी विचारलं, किती आले तर हेस्टिंग्ज यांना श्रेय देणार नाहीस? त्यावर तो बराच वेळ पेन फिरवत बसला. ती ओळ अजून कोरी आहे. पहिला सामना ऑक्टोबरात आहे.