'कन्यादान' आणि कौटुंबिक हिंसा : पीडितेच्या बाजूने पुनर्वाचन

प्रास्ताविक :

विजय तेंडुलकर यांचे 'कन्यादान' हे नाटक १९८३ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि पती व सासरच्या मंडळींकडून विवाहित स्त्रीचा होणारा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १९९३ साली या नाटकासाठी तेंडुलकरांना सरस्वती सन्मान मिळाला. नाटकाची चर्चा मात्र मुख्यतः आंतरजातीय विवाह, समाजवादी आदर्शवादाची शोकांतिका आणि दलित व्यक्तिरेखेचे चित्रण या तीन मुद्द्यांभोवती होत राहिली. नाटकाची नायिका पतीची मारहाण सोसणारी स्त्री आहे, ही बाब त्या चर्चेत दुय्यम ठरली. प्रस्तुत लेखात याच बाजूने नाटकाचे वाचन करावयाचे असून, बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनाच्या संदर्भात त्याच्या मर्यादाही तपासावयाच्या आहेत.

ज्योतीभोवतीची माणसे :

नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार, तर त्यांच्या पत्नी सेवा या सामाजिक कार्यकर्त्या. घरात प्रत्येक प्रश्नावर मोकळी चर्चा होते. अशा घरातील ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करते आणि अल्पावधीतच तिला मारहाण होऊ लागते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या घरात जाणिवेचा अभाव नाही. स्त्रीवरील अन्याय म्हणजे काय, हे या कुटुंबाला पुस्तकी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही अर्थांनी ठाऊक आहे. तरीही ज्योतीला आधार मिळत नाही.

याचे कारण नाथांच्या भूमिकेत आहे. त्यांच्या दृष्टीने हा विवाह एक सामाजिक प्रयोग आहे आणि तो फसता कामा नये. मुलगी घर सोडून परत येते तेव्हा तिच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाआधी प्रयोगाच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहतो. अरुण मद्यधुंद अवस्थेत येऊन क्षमायाचना करतो आणि ज्योती त्याच्याबरोबर जाते. मारहाण, पश्चात्ताप, पुनर्मीलन आणि अधिक तीव्र मारहाण हे चक्र समुपदेशन क्षेत्रातील कार्यकर्त्यांना परिचित आहे. तेंडुलकरांनी ते कोणत्याही परिभाषेविना अचूक टिपले आहे. पुढे गर्भवती ज्योतीवर रुग्णालयात जाण्याची वेळ येते. अरुणच्या आत्मचरित्रावरील सभेत बोलण्यास नाथ प्रथम नकार देतात. परंतु नकाराची किंमत मुलीला मोजावी लागेल या भीतीने ते जातात आणि पुस्तकाची स्तुती करतात. शेवटी ज्योती या खोटेपणाबद्दल वडिलांनाच जाब विचारते. घरातील हिंसा घराबाहेरच्या प्रतिष्ठितांनाही कशी ओलीस धरते, याचे इतके नेमके चित्रण मराठी रंगभूमीवर विरळाच आढळेल.

नाटकाच्या मर्यादा :

नाटकाच्या दोन मर्यादा येथे नोंदविणे आवश्यक आहे. पहिली, हिंसेच्या ठिकाणाविषयीची. अरुण आपल्या मारहाणीचे मूळ आपल्या जातीय जीवनानुभवात दाखवितो, आणि त्याला उत्तर देणारी दुसरी दलित व्यक्तिरेखा नाटकात नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय प्रेक्षकाला हिंसा 'त्यांच्या' घरात घडते, असे समाधान मिळण्याची सोय राहते. दलित समीक्षेने घेतलेला आक्षेप या अर्थाने रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित, विधवा वा विभक्त स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. एवढे मोठे प्रमाण कोणत्याही एका जातीच्या वा वर्गाच्या पदरात टाकता येत नाही.

दुसरी मर्यादा पर्यायांविषयीची. ज्योतीपुढे माहेर आणि अरुणचे घर एवढेच दोन मार्ग आहेत. शेवटी ती परत जाते, आणि तिचे जाणे वडिलांच्या शिकवणुकीची परिणती म्हणून येते. नाट्यदृष्ट्या हा शेवट परिणामकारक असला, तरी त्यामुळे सोसण्याला तात्त्विक उंची प्राप्त होते.

'जिणं आमुचं'मधील साक्ष :

१९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'जिणं आमुचं'मध्ये बेबी कांबळे यांनी महार समाजातील सुनांचा छळ निर्भीडपणे मांडला. बालवयात आलेल्या सुनेची उपासमार, सासूचा जाच, पळून जाणाऱ्या मुलीच्या पायात घातलेला खोडा यांचे वर्णन त्या करतात. मात्र हे दुःख त्या अस्पृश्यतेच्या आणि दारिद्र्याच्या चौकटीत ठेवतात. जातीने तुडविलेला समाज आपल्यातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीला कसा तुडवितो, हे त्या आतून दाखवितात. अरुणच्या समर्थनात नसलेले आत्मपरीक्षण येथे आहे.

तथापि या आत्मकथनात लेखिकेच्या स्वतःच्या वैवाहिक जीवनातील हिंसा जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासोबत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत पतीचा संशय, मारहाण आणि वर्षानुवर्षे लपवून ठेवावे लागलेले लेखन यांविषयी त्या बोलल्या. समाजाचे दुःख निर्भयपणे लिहिणाऱ्या लेखिकेलाही स्वतःचे दुःख सांगण्यासाठी विचारणारे माणूस भेटावे लागले, हे महत्त्वाचे आहे. उपरोक्त सर्वेक्षणानुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. उरलेल्यांचे मौन हे संमतीचे लक्षण मानता येणार नाही.

कायदा, आधारव्यवस्था आणि अध्यापन :

ज्योतीला नसलेला तिसरा मार्ग पुढील काळात अंशतः निर्माण झाला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ साली पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. वांद्रे येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्थेच्या सहकार्याने 'दिलासा' केंद्र उभे राहिले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने शारीरिक हिंसेबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक हिंसेलाही मान्यता दिली आणि सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. कलम ४९८-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ ने घेतली आहे.

वर्गात 'कन्यादान' शिकविताना 'ज्योती परत का गेली?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याऐवजी 'तिला थांबता यावे म्हणून कोणी काय केले?' असा प्रश्न विचारल्यास चर्चेचा रोख पीडितेवरून परिस्थितीकडे वळतो. समोरच्या बाकांवर अशाच घरातून आलेली एखादी विद्यार्थिनी बसलेली असते, आणि शिक्षकाच्या प्रश्नावरूनच या माणसाशी बोलावे की नाही, हे ती ठरवीत असते.

निष्कर्ष :

१) 'कन्यादान'मध्ये जाणीव आणि आधार यांतील अंतर प्रभावीपणे प्रकट होते, पुरोगामी विचार म्हणजे आपोआप मिळणारे संरक्षण नव्हे.

२) हिंसेचे कारण एका जातीशी जोडण्याचा धोका या नाटकात आहे. 'जिणं आमुचं'बरोबर त्याचे अध्यापन केल्यास ही त्रुटी काही अंशी भरून निघते.

३) साहित्याच्या अध्यापकाने समुपदेशक होण्याची अपेक्षा नाही, परंतु विश्वासाने ऐकून घेणे, निर्णय तिच्यावर न लादणे आणि संरक्षण अधिकारी, 'सखी' केंद्र वा १८१ या मदतवाहिनीची माहिती देणे एवढे त्याला निश्चितच शक्य आहे.