‘४० टक्के जाहिराती खोट्या’: हा आकडा उद्धृत करण्याआधी

वजन घटवण्याच्या ऑनलाइन जाहिरातींवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की हा आकडा कुठेतरी भेटतोच. तो येतो अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सप्टेंबर २००२ च्या अहवालातून. अहवाल चांगला आहे, पण आपण तो नीट वाचत नाही.

तिथे ३०० जाहिराती तपासल्या होत्या. टीव्ही, रेडिओ, मासिकं, ईमेल आणि वेबसाइट्सही. जवळपास ४० टक्के जाहिरातींत *किमान एक दावा* जवळजवळ नक्कीच खोटा होता. म्हणजे अख्खी जाहिरात खोटी, असं नव्हे. शिवाय नमुना यादृच्छिक नव्हता. त्यामुळे हा आकडा त्या ३०० पुरताच. सगळ्या बाजाराला लावता येत नाही.

अहवालाची खरी ताकद मोजता येणाऱ्या गोष्टींत आहे. ६५ टक्के जाहिरातींत ग्राहकांचे अनुभव, ४२ टक्क्यांत ‘आधी आणि नंतर’चे फोटो. अशा नोंदी दोन वेगळ्या माणसांनी केल्या तरी बहुधा जुळतात. कमिशनने २०१४ मध्ये माध्यमांसाठी सात खोट्या दाव्यांची यादीही दिली. उदाहरणार्थ, काहीही खा, कितीही खा, तरी वजन घटेल.

माझी हरकत इथेच आहे. ही चाळणी ढळढळीत खोटं पकडते. पण ‘चयापचयाला साथ देतं’ असं मोघम लिहिलं की जाहिरात आरामात सुटते. खोटं न बोलणं म्हणजे दर्जा नव्हे! दुष्परिणाम, एकूण खर्च, सरासरी किती वजन घटलं, किती दिवस टिकलं, यातलं काय *सांगितलं नाही*, तेही मोजायला हवं.

ऑनलाइनमध्ये आणखी एक पेच आहे. तुम्हाला दिसणारी जाहिरात तुमच्या गाइडला दिसेलच असं नाही. मग नमुना काढायचा कुठल्या यादीतून? निदान तारीख, शोधशब्द, फोन की लॅपटॉप, लॉगिन होतं की नाही, एवढं टिपून ठेवा आणि स्क्रीनशॉट घ्या. जाहिरात उद्या गायब होते.

सुरुवातीला वीसच जाहिराती घ्या. दोन रकाने करा: काय म्हटलं, काय गाळलं. मैत्रिणीला स्वतंत्रपणे तेच करायला सांगा आणि मग कोहेनचा कॅपा काढा. तो कमी आला तर आधी आपल्या व्याख्या तपासा. दोष जाहिरातींचा नसतो.