गोष्ट कोल्हापूरची, पडदा मुंबईचा

मुंबईतल्या क्विअर चित्रपट महोत्सवांचा इतिहास कायद्याच्या तारखांवर बेतून सांगायची रीत पडली आहे. 1998च्या डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमाचा ‘फायर’ दाखवणाऱ्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, तरी 2003 साली त्याच शहरात ‘लर्जिश’ महोत्सव भरला. 2009मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा फास सैल केला आणि 2010मध्ये श्रीधर रंगायन यांनी ‘कशिश’ सुरू केला. 2013च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला; ‘कशिश’ मात्र पुढच्याच वर्षी ‘लिबर्टी’सारख्या भव्य चित्रपटगृहात गेला. हा क्रम खरा असला, तरी त्यातून धाडस कळते, कलेचे काय झाले ते कळत नाही. महोत्सवांनी चित्रपटाच्या नजरेत काय बदलले, हे तपासायला मुंबईपेक्षा कोल्हापूर बरे.

कारण लिंगभावाची सर्वांत गाजलेली मराठी चित्रकथानके याच मातीतली आहेत. राजन गवस आणि चारुता सागर यांच्या लेखनावर आधारलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (2009) यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याची गोष्ट सांगतो. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (2010) कागलच्या पैलवानी अंगाच्या गुणाला तमाशातला नाच्या करतो. दोन्ही चित्रपट धीट आहेत. ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण दोन्हींची नैतिक बाजू एकाच गृहीतकावर उभी आहे: बाईपण वरून लादलेले किंवा कलेपायी पत्करलेले, आत मात्र अस्सल पुरुष. ‘जोगवा’चा नायक तायप्पा लुगडे टाकून नायिका सुलीसह रूढी झुगारतो तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. ज्याला ते लुगडे मनापासून हवे आहे, त्या जोगत्याला या कथेत नायकपण नाही. गुणाचा छळ आपल्याला अन्याय वाटतो, तोही बराचसा ‘तो तसा नाही’ म्हणून. मग जो ‘तसा’ आहे, त्याचे काय?

हा प्रश्न मराठीत लघुपटांनी अधिक निर्धाराने विचारला. लघुपटाला सहसा तिकीटबारी नसते. त्याचा प्रेक्षक बहुधा महोत्सवातच भेटतो. विजय तेंडुलकरांच्या कथेवरचा ‘मित्रा’ ‘नटरंग’च्याच दिग्दर्शकाचा, पण इथे मुलीचे मुलीवरचे प्रेम हेच कथेचे केंद्र आहे. रोहन कानवडे यांच्या ‘उ उषाचा’मध्ये शेतमजूर बाईची अक्षरओळख आणि शिक्षिकेविषयीची ओढ एकत्र उमलतात. त्यांच्याच ‘साबर बोंडं’ने 2025मध्ये सनडान्सला विश्वचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्या नात्याला या चित्रपटात रूढीची किंवा वेषाची सबब लागत नाही. सनडान्स काही क्विअर महोत्सव नव्हे. पण असे चित्रपट पाहणारा आणि त्यांच्याकडून कलेची अपेक्षा धरणारा रसिक या महोत्सवांनीच घडवला.

यावर आक्षेप येतील. पहिला, हे पाश्चात्त्य खूळ आहे. सान फ्रान्सिस्कोत 1977पासून असा महोत्सव भरतो, हे खरे. पण म्हणून जोगते आणि नाचे तिथून आले नाहीत. अर्थात जोगत्याला थेट ‘क्विअर’चे लेबल लावणेही चूक, कारण त्या परंपरेत श्रद्धेइतकीच सक्ती आणि जातीची उतरंड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: सचिन कुंडलकरांचा ‘कोबाल्ट ब्ल्यू’ 2022मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला, मग महोत्सव कशाला? पण मोबाइलवर एकट्याने पाहिलेला चित्रपट गुपितच राहू शकतो. सभागृहात शेजारी अनोळखी माणूस असतो आणि नंतर चर्चा होते. विषय चारचौघांत येतो तो तिथे. तिसरा आक्षेप, वेगळी चूल मांडण्याचा. तो मला अर्धा मान्य आहे. कोल्हापूरला दुसरे ‘कशिश’ नको.

बाबूराव पेंटरांच्या आणि ‘प्रभात’च्या या शहरात पेंटरांच्याच नावाची फिल्म सोसायटी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवत आली आहे. त्यात ‘जोगवा’ आणि ‘साबर बोंडं’ लागोपाठ दाखवून एक विभाग करता येईल. पहिल्यात सुटका कशापासून आणि दुसऱ्यात मोकळीक कशाची, हे ज्यांच्या मुलखातून जोगत्यांची वाट जाते त्या प्रेक्षकांनी ठरवावे. मुंबईच्या महोत्सवांनी रसिक घडवला. त्या रसिकतेला कथेच्या मूळ गावाची उलटतपासणी अजून बाकी आहे.