दीडशेची पाटी आणि पहिला टप्पा

सात नंबरच्या आयर्नने नीट मारलेला चेंडू पाचेक सेकंद हवेत असतो. ड्रायव्हिंग रेंजवर त्यातले पहिले दोन सेकंद सगळेच पाहतात. चेंडू सरळ निघाला, उंच चढला, की समाधान होतं. मान खाली जाते आणि पुढचा चेंडू मॅटवर येतो. अंतर मात्र कळतं ते शेवटच्या सेकंदात, चेंडू उतरताना आणि त्याचा पहिला टप्पा पडताना. रेंजवरचा खरा रसिक तो टप्पा पडेपर्यंत क्लब खाली आणत नाही.

हे पाहणं सोपं नाही, आणि त्याचं कारण डोळ्यांच्या भूमितीत आहे. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचा डोळा साधारण १.६ मीटर उंचीवर असतो. तिथून ५० यार्डांच्या पाटीचा पाया क्षितिजाच्या दोन अंश खाली दिसतो, १०० च्या पाटीचा एक अंश, १५० चा दोन-तृतीयांश आणि २०० चा जेमतेम अर्धा अंश. म्हणजे ५० ते १०० या पट्ट्याला नजरेत पुरता एक अंश मिळतो, आणि १५० ते २०० या तेवढ्याच लांबीच्या पट्ट्याला त्याचा सहावा हिस्सा. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात ते सगळे ५० यार्ड दाटीवाटीने बसलेले असतात. त्यात चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. दीडशे यार्डांवर तो अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे चांगल्या डोळ्याला बारकावे टिपता येण्याच्या अगदी सीमेवरचा. तेव्हा ‘माझा एकशे साठ गेला’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकून घ्यावं, वाद घालू नये.

पण हाच डोळा एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: चेंडू पाटीच्या अलीकडे पडला की पलीकडे. पाटीवरून उतरून तिच्याआड गेला तर पलीकडे, पाटीच्या अंगावर पांढरा ठिपका येऊन टप्पा पडला तर अलीकडे. आकडा सांगायला गेलेली नजर फसते. अलीकडे-पलीकडे एवढंच विचारलं तर सहसा फसत नाही. जाणकार खेळाडू म्हणूनच पाट्यांमधल्या मोकळ्या गवताकडे मारत नाही. तो एका पाटीला धरून बसतो आणि तिच्या दोन्ही अंगांना किती चेंडू पडतात ते पाहतो. चेंडू पत्र्याच्या पाटीवर आपटला तर आणखी एक गंमत कळते: दीडशे यार्डांवरून तो आवाज यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. चेंडू उसळलेला आधी दिसतो, खणकन मागून येतं.

जपानातल्या शहरी रेंजा दोन-तीन मजली असतात, चहूबाजूंनी उंच जाळ्या. वरच्या मजल्यावर डोळा पाचेक मीटर आणखी उंच जातो आणि १५० ते २०० चा पट्टा नजरेत चौपट रुंद होतो. वाचायला जागा उत्तम. पण तिथून सात नंबरचा चेंडू जमिनीवर पोचेपर्यंत चार-पाच यार्ड फुकटचे मिळवतो.

फुकटच्या यार्डांची हाव रेंजवर सगळीकडेच आहे. पाटीवरचा आकडा कुठून मोजला, हा पहिला प्रश्न. गवतावरच्या बे, म्हणजे मारायच्या जागा, मागे-पुढे सरकवतात, पाट्या जागच्या जागी राहतात. चेंडू रेंजचे, कडक सालीचे, खळगे झिजलेले. ते आपल्या खिशातल्या चेंडूइतके जात नाहीत. मॅट तर लबाडच. चेंडूच्या इंचभर मागे क्लब पडला तर गवत त्याला तिथेच धरतं. मॅटवर तो घसरून पुढे जातो आणि चुकलेला फटकाही बऱ्यापैकी दिसतो. मे महिन्यात आपल्याकडची जमीन अशी भाजलेली असते की चेंडू टप्प्यानंतर पळतच सुटतो, आणि थांबलेल्या जागेलाच लोक अंतर म्हणतात. मला म्हणून पावसाळ्यातली रेंज आवडते. भिजलेल्या जमिनीत चेंडू पडला तिथेच रुततो. कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, तेवढी उरते, रोल गायब. तेव्हा चेंडू कमी गेला की ‘हवा जड आहे’ असं म्हणायची पद्धत आहे, पण तेवढ्याच तापमानाची दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकीच असते. आखडतो तो रोल, बदनाम होते हवा. पुण्यात चेंडू मुंबईपेक्षा जरा लांब जातो, तो ५६० मीटर उंचीवरच्या विरळ हवेमुळे.

अंतर वाचण्याची माझ्या मते सर्वांत देखणी रीत गोल्फपटू बेन होगनच्या काळातली. तेव्हा सरावाला चेंडूंची पिशवी आपली असे आणि कॅडी समोर, चेंडू पडायच्या जागी उभा राही. होगन त्याच्यावरच नेम धरी. चांगल्या दिवशी त्या कॅडीला फारसं हलावं लागत नसे, असं सांगतात. इथे पाटी नाही, आकडा नाही. चेंडूगणिक एक माणूस दोन पावलं पुढे येतो किंवा मागे सरकतो. अलीकडे-पलीकडेचा हिशेब त्याच्या पायांनी मांडला जातो, आणि मारणाऱ्याला तो डोळे बारीक न करता वाचता येतो. त्या माणसाच्या जिवाचं काय, हा प्रश्न पडतोच. आज कुठलाही क्लब हे करू देणार नाही.

मैदानावरचं अंतर मोजून खेळायची सवय नंतर रुळली. १९६१ मध्ये पेबल बीचच्या यूएस अमॅच्युअर स्पर्धेत गोल्फपटू डीन बीमनच्या सांगण्यावरून जॅक निकलॉसने पावलांनी अंतरं मोजून टिपून ठेवली, आणि स्पर्धा जिंकली. २०१९ च्या नियमांनी, स्थानिक नियमाची बंदी नसेल तर, अंतर मोजण्याच्या यंत्रांना मुभा दिली. आता झेंडा किती लांब आहे हे लेझर क्षणात सांगतं. आपला सात नंबर किती लांब जातो हे त्याला ठाऊक नसतं.

ते ट्रॅकमनच्या रडारला आणि टॉपट्रेसरच्या कॅमेऱ्यांना ठाऊक असतं. ही यंत्रं उत्तम आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. तक्रार एवढीच की चेंडू हवेत असतानाच माणूस पडद्याकडे वळतो. मग वीस चेंडूंतला सर्वांत मोठा आकडा लक्षात राहतो, आणि क्लबहाऊसमध्ये तोच आपला सात नंबर म्हणून मिरवतो. मैदानावर पाण्यात जातो तो मात्र उरलेल्या एकोणिसांपैकी एक. एका क्लबचं अंतर म्हणजे एक पट्टा असतो, आणि त्याची जवळची कड लांबच्या कडेपेक्षा जास्त उपयोगाची.

पुढच्या वेळी एक बादली फक्त सात नंबरने, दीडशेच्या पाटीला धरून मारा. पाटी फार लांब पडत असेल तर शंभरची घ्या. प्रत्येक चेंडूचा पहिला टप्पा पाहा, अलीकडे किती आणि पलीकडे किती ते मोजा. ड्रायव्हर त्या दिवशी गाडीतच राहू द्या.